बाळ रडायचं थांबतं

त्या सिनेमात जग संपलेलं होतं. बाहेर सगळीकडे राख, पाणी विषारी, आणि एका कारखान्याच्या तळघरात एकमेकांना न ओळखणारी सात माणसं अडकलेली. त्यातली एक बाई लेकुरवाळी. बाळ रडलं की आवाज बाहेर जाणार, आवाज गेला की बाहेरचे भुकेले लोक दार फोडणार. म्हणून त्या बाळाचं काय करायचं, यावर बाकीचे सहा जण हात वर करून मत देतात. ही गोष्ट माझ्या नणंदेनं ओट्यावर बसून, काकडी खात खात मला सांगितली. शेवटची फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "वहिनी, ठमीला दे ना दोन तास."

जशी काही इस्त्री मागत होती.

ठमी म्हणजे माझी मुलगी. सात महिन्यांची. कागदावर तिचं चांगलं चार अक्षरी नाव आहे, पण ते तिच्या अंगाला अजून ढगळ होतं. आणि नणंद म्हणजे चिंगी. ती सिनेमांत कंटिन्युइटी बघते. म्हणजे एका शॉटमध्ये माणसाचं वरचं बटण उघडं असेल, तर पुढच्या शॉटमध्ये ते लागलेलं असता कामा नये, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. हीच मुलगी घरी स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते.

ठरलेलं बाळ तापानं फणफणलं होतं. शूटिंग दुसऱ्या दिवशी. तिच्या दिग्दर्शकानं, म्हणजे 'सरां'नी, तिला सांगितलं होतं, की उद्या बाळ घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस.

मी नाही म्हणू शकले असते. पण ठमीच्या वेळी माझे टाके उसवले होते, मी आठ दिवस दवाखान्यात पडून होते, आणि तेव्हा माझ्या उशाशी चिंगी बसली होती. माझे केस तिनं विंचरले होते. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, आणि तिथंच तर माझी बोलती बंद होती. नवरा म्हणाला, "दोनच तास तर आहेत." सासूबाई म्हणाल्या, "नात सिनेमात दिसेल, तुझं काय जातंय?"

मी अटी घातल्या. बाळ आत असताना धुराचं यंत्र लावायचं नाही. खोकणाऱ्या माणसानं तिला उचलायचं नाही. आणि तिला भूक लागली की मी पाजणार, मग कुणाचं काहीही अडो. ती बाटली तोंडात धरत नाही, हे मी तीनदा सांगितलं. चिंगी प्रत्येक अटीला "हो वहिनी, हो गं" म्हणाली. मोबाइलमध्ये तिनं लिहूनसुद्धा घेतलं.

सव्वाआठला घरून निघताना मी ठमीला पोटभर पाजलं. ही वेळ लक्षात ठेवा. मी दिवसभर तीच धरून बसले होते.

ते तळघर म्हणजे एका मोठ्या गोदामात उभं केलेलं प्लायवुडचं खोकं होतं. आतून बघितलं तर ओल आलेलं काँक्रीट, गंजके पाइप, कोपऱ्यात साचलेलं पाणी. बाहेरून बघितलं तर लाकडी फळ्या, खिळे, आणि "इकडून ढकलू नये" असं खडूनं लिहिलेलं. खरं फक्त दार होतं. भंगारातून आणलेलं लोखंडी, दोन माणसांनी ओढायचं. त्याच्यावर एक लाल दिवा. तो लागला की आत कॅमेरा चालू आहे असं समजायचं, आणि मग गोदामातल्या तीस माणसांपैकी कुणीही हलायचं नाही. चहा ओतणारा चहा ओतता ओतता थांबायचा. मला आधी हसू आलं. नंतर मीही तशीच थांबायला शिकले. पहिल्या तासातच.

मेकअप करणाऱ्या दादांनी ठमीच्या गालांवर कोको पावडरची राख लावली. ओठांवर कसलीशी पांढरट पेस्ट, वाळली की भेगा पडायची. मी आधी माझ्या जिभेवर घेऊन बघितली.

"मॅडम, मी तीन वर्षांच्या नातीला हेच लावतो," दादा म्हणाले. "तिला राक्षस व्हायचं असतं रोज."

चिंगीनं ठमीचे फोटो काढले. डाव्या गालावर तीन रेघा, उजव्या नाकपुडीखाली डाग, खालच्या ओठावर मधोमध भेग. "हे असंच्या असं राहिलं पाहिजे," ती मला म्हणाली. घरातला तिचा आवाज नव्हता तो.

जिच्या कडेवर ठमी जायची ती नटी नावाजलेली होती. तिच्या मानेवर राख, कपड्यांच्या चिंध्या, आणि भुवया मात्र कालच कोरून आलेल्या. जग बुडालं, पार्लर वाचलं. तिची नखं लांब होती. मी ती कापायला सांगितली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, पण ती उठून गेली आणि दहाही नखं कापून आली. हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पुढचं तिच्या बाजूनं सांगता येणार नाही.

दुसरे अण्णा. सत्तरीचे, रंगभूमीवर आयुष्य गेलेले. सिनेमात ते निवृत्त शिपाई होते आणि बाळाच्या विरोधात पहिला हात त्यांचाच वर जायचा. कॅमेरा बंद असला की ते ठमीला जीभ काढून दाखवायचे.

"माझ्या सुनेला सांगू नका हं," ते मला म्हणाले. "इथं मी बाळाविरुद्ध मत देतोय. घरी मला पाणी विचारणार नाही कुणी."

आणि सर. पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "मी कट म्हणेपर्यंत कुणी थांबायचं नाही. काहीही होवो. कुणी पडलं, कुणी वाक्य विसरलं, छत खाली आलं, तरी तुम्ही त्या तळघरातच आहात." मग माझ्याकडे वळले. "बाळाच्या आईनं मात्र समोर बसायचं नाही. बाळ तुमच्याकडे झेपावेल. राग नाही ना?"

दिवसभर मी 'बाळाची आई'च होते. बाळाच्या आईला खुर्ची द्या. बाळाच्या आईला चहा विचारा. नाव कुणी विचारलं नाही.

मला खोक्याच्या मागे पडद्याआड बसवलं. मी कासावीस होतेय हे बघून चिंगीनं आवाजवाल्याकडून एक हेडफोन आणून माझ्या कानांवर घातला. "नटीच्या पदराखाली माइक आहे. ठमीचा श्वाससुद्धा ऐकू येईल तुला. आता तरी घाबरू नकोस."

खरंच ऐकू येत होतं. ठमी कुणाचं तरी बटण चोखत होती.

पहिला टेक पावणेअकराला झाला, कारण त्याआधी दीड तास दिवेच लागत होते. ठमी त्यात हसली. दुसऱ्यातही हसली. बाहेर आणली तेव्हा ती तोंड वळवून माझ्या छातीत घुसायला लागली. मी बटणाला हात घातला.

"वहिनी, आत्ता नको ना," चिंगी म्हणाली. "ओठांवरचं सगळं निघून जाईल. पुन्हा लावायला पाऊण तास, आणि तश्शी भेग पडणार नाही. दोन शॉट्स जुळणारच नाहीत. एकच टेक राहिलाय."

"तू हो म्हणाली होतीस."

"हो, मग पाज ना. मी कुठं नाही म्हणतेय? एक टेक झाला की पाज."

मी बटण लावलं. हे मी केलं. माझ्या हातांनी.

साडेअकराला तिसरा टेक. आता ती रडली. कुरकुर नव्हे, भुकेचं रडणं. प्रत्येक आईला ते वेगळं ओळखता येतं म्हणतात. मला तरी येतं. ते खालून सुरू होतं, वर जातं, आणि मध्ये एकदा थांबतं, कुणी येतंय का ते ऐकायला. त्या थांबण्यात कुणी आलं नाही की ते पुन्हा सुरू होतं. माझा कुर्ता दोन्हीकडून ओला झाला. ओढणी पुढे ओढली. समोर लाल दिवा लागलेला होता. मी बसले.

चौथा टेक सव्वाबाराला. मधल्या वेळात मी उठले तर एका मुलीनं सांगितलं, "बाळ आतच ठेवलंय मॅडम, पोझिशन हलू नये म्हणून." पोझिशन! माझी सात महिन्यांची मुलगी म्हणजे काय कपाट होतं? मी चिंगीला हाक मारली. ती आली, डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाली, "शेवटचा. आईशप्पथ शेवटचा." आणि बाहेर जेवणं सुरू झाली होती. दुष्काळातले दोन नट चिंध्या सावरत ताटं घेऊन रांगेत उभे होते. त्यातला एक म्हणत होता, "तिखट कमी झालंय आज."

पाचव्या टेकनंतर दिवा विझला. सरांनी कट म्हटलं, पण माइक चालूच राहिला. ज्यांनी माइक लावला ते विसरले, आणि जिनं मला हेडफोन दिला तीही विसरली. कानात सरांचा तो हळू आवाज आला, अगदी माझ्याशीच बोलल्यासारखा.

"भुकेचं रडणं झालं आपल्याकडे. उत्तम झालं. आता ती दमत आलीय, बघ. अजून वीस मिनिटं अशीच धर. मग ती आपोआप गप्प होईल. ते गप्प होणं मला हवंय. ते अभिनयानं नाही मिळत."

नटी म्हणाली, "सर, पण तिची आई..."

"तिला कंटिन्युइटी सांगितलीय. ती पोरगी सांभाळतेय तिला. घरचीच आहे."

माझ्या शेजारच्या खुर्चीवर त्या दिवसाची पटकथेची पानं पडली होती. सकाळपासून पडली होती. मी शिकलेली बाई, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचते, आणि ती चार पानं मी उलटून बघितली नव्हती. आता उलटली. शेवटची ओळ अशी होती: बाळ रडायचं थांबतं. आई खाली बघते. शांतता. कुणी हलत नाही.

वर बघितलं तर लाल दिवा लागलेला.

कानात आता रडणं नव्हतं. उचक्या होत्या. दोन उचक्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. मी हेडफोन काढला तर बाहेर इतकी शांतता, की कुणाच्या तरी ताटातला चमचा घसरला तो ऐकू आला. तीस माणसं, सगळी जागच्या जागी उभी. आणि मला सांगायची लाज वाटते, पण मीसुद्धा तीन-चार श्वास तशीच उभी राहिले. शाळेत, कॉलेजात, बँकेच्या रांगेत जे काही शिकले ते सगळं मला धरून होतं. दिवा लाल आहे. आत जायचं नसतं.

मग मी चालायला लागले.

चिंगी दारात होती. तिनं हात आडवे केले. ओठ हलवून, आवाज न करता म्हणाली, "वहिनी, टेक चालू आहे."

"बाजूला हो."

"वहिनी, प्लीज. पाच मिनिटं. माझं काम जाईल."

"तुला माहीत होतं?"

तिचे हात आडवेच राहिले. मी तिचा हात मनगटाला धरून बाजूला केला. ज्या हातानं माझे केस विंचरले होते, तोच. ते दार दोन माणसांनी ओढायचं असतं. मी एकटीनं ओढलं. ते असं करकरलं की मेलेला माणूस उठून बसला असता.

आत कुणीही मागे वळून बघितलं नाही. निदान बघायला हवं तसं नाही. सगळे त्या तळघरातच होते. एक जण भिंतीला सरकला, एक जण "दार! दार उघडलं!" म्हणून ओरडला. त्यांच्यासाठी बाहेरची भुकेली झाले होते मी. अण्णा हातातली सळई घेऊन माझ्या आडवे आले, आणि त्यांचे डोळे माझ्याकडे बघत होते पण मला बघत नव्हते. कॅमेरा हळूच माझ्याकडे वळला. सरांनी कट म्हटलं नाही.

"माझी मुलगी द्या," मी म्हणाले.

नटीनं ठमीला आणखी घट्ट आवळलं. अंगाचं मुटकुळं करून कोपऱ्यात गेली आणि किंचाळली, "नाही देणार! नाही देणार माझं बाळ!"

माझं बाळ.

मी तिच्यावर गेले. हे मी कसं केलं ते मला नीट आठवत नाही. तिचे केस माझ्या मुठीत होते, तिचा खांदा माझ्या गुडघ्याखाली होता, आणि ती अजूनही तिची वाक्यं म्हणत होती. मी तिच्या कानाशी ओरडले, "सोड! ही खरी आहे! अगं बये, ही खरी आहे!" मागून कुणीतरी माझा दंड धरला, त्या पकडीतसुद्धा अभिनय होता, जोर दिसावा पण दुखू नये अशी. ठमी आमच्या दोघींच्या मध्ये होती. ती रडत नव्हती. मान एका बाजूला कलली होती.

तेव्हा सळई फरशीवर आपटल्याचा आवाज झाला. अण्णा ओरडले, "कट! कट करा! अरे, कट म्हणा की कुणीतरी, नालायकांनो! बाळ बघा, बाळ!"

नट कधी कट म्हणत नाही. बहुतेक म्हणूनच सगळे थांबले. नटीनं स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि ते उघडले.

मी तिथंच, त्या रंगवलेल्या काँक्रीटवर बसले. ठमीचं अंग गरम, कपडे घामानं चिकट, टाळूची मऊ जागा आत गेल्यासारखी. डोळे अर्धे उघडे. मी तिला छातीशी धरलं. तिनं तोंड उघडलं नाही. मी तिच्या ओठावरची ती पेस्ट अंगठ्यानं घासून काढली. खाली तिचे खरे ओठ होते, आणि तेही सुकलेले होते. मी थेंब पिळून तिच्या जिभेवर सोडला. तो तसाच बाजूनं ओघळला. "ठमे," मी म्हणाले, "ए ठमाबाई, ऊठ की गं. भूक लागली ना? बघ, मी आलेय. उशीर केला, पण आलेय." दुसरा थेंब. तिसरा. आजूबाजूला सगळे उभे. दिवे आमच्यावर. एकाही शहाण्याला दिवे बंद करायचं सुचलं नाही.

"डॉक्टरला फोन लावा," मी म्हणाले. "आणि हे दिवे विझवा, का तेही फोटोत जुळायचेत?"

दिवे विझले. त्या अर्धवट उजेडात ठमीची जीभ हलली. एकदा. मग तिनं धरलं. आधी अगदी पुसट, मग असं जोरात, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं माझं एक बोट मुठीत घेतलं आणि पीत राहिली, घशातून आवाज करत, रागानं. हो, रागानंच. तिला हक्क होता.

फोनवरच्या डॉक्टरनं पाजत राहा, अंग पुसा, लघवी होतेय का बघा आणि अर्ध्या तासात घेऊन या, असं सांगितलं. दवाखाना पलीकडच्याच रस्त्यावर होता. अर्धा तास माझ्याकडे होता.

सर माझ्यासमोर उकिडवे बसले. चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचे भाव होते. ते अभिनयाचे नव्हते, म्हणूनच मला जास्त चीड आली.

"ताई, चूक झाली. मी मान्य करतो. पण आत्ता जे झालं ना, तुम्ही दार उघडून आलात ते... मी तीस वर्षं काम करतोय. असं काही मी पडद्यावर पाहिलेलं नाही. हाच तर सिनेमा आहे. माणसं बाळाचं काय करतात, आणि एक बाई..."

"पुसून टाका."

"ऐकून तर घ्या."

"सगळे टेक. पहिल्यापासून. माझ्यासमोर."

"ताई, बाळाच्या वडिलांनी कालच सही दिलीय," ते हळूच म्हणाले. "आईवडिलांपैकी एकाची पुरते."

मी चिंगीकडे बघितलं. ती दाराला टेकून उभी होती, छातीशी फोटोंची फाइल. म्हणजे काल मी अटी सांगत होते आणि ती लिहून घेत होती, त्याच्या आधी का नंतर? बाहेरच्या खोलीत भावाकडून सही घेऊन आली होती. आणि तो माझ्या शेजारी झोपला होता.

"मग मी इथून उठत नाही," मी म्हणाले. "हे खोकं उद्या पाडायचंय असं सकाळपासून ऐकतेय. आज काय शूट करायचंय ते माझ्या डोक्यावरून करा. डॉक्टरची वेळ झाली की दवाखान्यात माझी मुलगी जाईल, तिच्याबरोबर मी जाईन, आणि डॉक्टरला सव्वाआठ ते दीड काय काय झालं ते मिनिटामिनिटानं सांगेन. तो ते लिहून घेतो. त्यालाही कंटिन्युइटी लागते."

अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. गुडघे कडाकडा वाजले. "मीही इथंच बसतोय," ते सरांना म्हणाले. "आणि मी बसलो की मला उठवायला दोघं लागतात, हे तुम्हाला माहीत आहे." मग माझ्याकडे न बघता, खालच्या आवाजात, "पोरी, मी सळई उचलली तुझ्यावर. मला कळायला हवं होतं."

"हो, कळायला हवं होतं," मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं असं काही माझ्याकडे नव्हतं.

नटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिथूनच म्हणाली, "पुसा सर. माझाही चेहरा आहे त्यात."

सरांनी कॅमेरामनला खूण केली. त्यानं कार्ड काढलं, छोट्या कॉम्प्युटरला लावलं आणि तो माझ्यासमोर फरशीवर ठेवला. एकेक टेक पुसण्याआधी मी बघितला. सहाही. ठमीला दुसऱ्या बाजूला घेऊन, ती पीत असताना. तिसऱ्या टेकमध्ये ती रडता रडता थांबते आणि दाराकडे बघते. चौथ्यात दाराकडे बघते. पाचव्यात बघत नाही.

कार्ड रिकामं झालं. सर उठले, कपडे झटकले. "झालं समाधान?"

मला उठायचं होतं. मांडीला मुंग्या आल्या होत्या.

"सर," चिंगी म्हणाली. "दुसरी कॉपी."

सर जाता जाता थांबले.

"प्रत्येक टेकची दुसरी कॉपी होते, वहिनी. लगेच. वेगळ्या ड्राइव्हवर." ती माझ्याशी बोलत होती पण बघत सरांकडे होती. "ती सरांच्या काळ्या बॅगेत आहे. बाहेरच्या कप्प्यात."

सर तिच्याजवळ गेले. "तुला कळतंय ना, तू काय करतेयस? या लाइनमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात."

"कळतंय."

"घरी बस मग."

ती स्वतःच गेली आणि बॅग घेऊन आली. ड्राइव्ह काढली, लावली. या वेळी तिनंच सहा वेळा बटण दाबलं. मग फाइल उघडून ठमीचे सकाळचे फोटो काढले, तीन रेघा, डाग, भेग, आणि माझ्या मांडीवर ठेवले. मी ते घेतले नाहीत. ते घसरून त्या खोट्या पाण्यात पडले.

दवाखान्यात डॉक्टरनं ठमीला उलटसुलट तपासलं. बाळ ठीक आहे म्हणाला. थोडं पाणी कमी पडलंय, उन्हात नेलं होतं का? मी सांगितलं. सव्वाआठपासून सांगितलं. चिंगी शेजारी उभी राहून ऐकत होती. एका ठिकाणी मी वेळ चुकले, तर तिनं दुरुस्त केली, "साडेअकरा नाही वहिनी. अकरा पस्तीस." मग तिला रडू फुटलं. मी रुमाल दिला नाही. डॉक्टरनं दिला.

परतताना रिक्षात नवऱ्याचा फोन तीनदा वाजला. मी उचलला नाही. त्याच्याशी जे बोलायचं होतं ते रिक्षात मावणारं नव्हतं. ठमी झोपली होती, कानामागे अजून कोको पावडर, श्वास सरळ. मी तो मोजत होते. डाव्या हाताला इतकी कळ लागली होती की बोटं बधिर झाली होती.

"दे माझ्याकडे थोडा वेळ," चिंगी म्हणाली. "तुझा हात भरून आलाय."

"असू दे."

"वहिनी, मी..."

"चिंगे, तू शेवटी सांगितलंस ते मी ऐकलंय. तुझं काम गेलं तेही बघितलंय. पण आज माझ्याकडे हात पुढे करू नकोस."

तिनं हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले. रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली, पुन्हा थांबली. घर यायला अजून बराच रस्ता होता, आणि मी हात बदलला नाही.